काढू का?

माझे बाबा चौतीस वर्षं गोदीत होते आणि त्यांचा गोदीतला फोटो म्हणून आमच्या घरात एकच आहे, गेटपासवरचा, स्टँप साइज, ब्लॅक अँड व्हाइट, उजव्या कानावर अर्धा गोल शिक्का उमटलेला. बाबा टॅली क्लार्क होते. जहाजातून माल उतरताना धक्क्यावर उभं राहून मोजायचं, पेट्या किती, गोणी किती, फुटलेल्या किती, आणि कागदावर खुणा करत जायचं, चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी. आमच्या घरी दुधाच्या पिशव्यांपासून माझ्या परीक्षेला उरलेल्या दिवसांपर्यंत सगळं असंच मोजलं गेलं.

मी नि माझा भाऊ वडाळ्याच्या पोर्ट ट्रस्टच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. गोदी म्हणजे आमच्यासाठी एक भिंत होती. बस पी. डिमेलो रोडला लागली की ती भिंत सुरू व्हायची आणि संपायचीच नाही, मध्येमध्ये गेटं, ग्रीन गेट, रेड गेट, यलो गेट, ऑरेंज गेट, ब्लू गेट, रंगांची इंग्लिश नावं मी शाळेत जायच्या आधी या गेटांवरून शिकले. भिंतीवरून क्रेनची मान दिसायची, कधी एखाद्या जहाजाचं टोक. आत आम्हाला जाता यायचं नाही आणि फोटोचा तर प्रश्नच नव्हता. बाबा संध्याकाळी डॉकयार्ड रोडवरून हार्बरची गाडी पकडून घरी यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला कधी गव्हाच्या धुळीचा वास, कधी गंधकाचा, कधी कसल्यातरी तेलाचा, त्या वासावरून आज कुठलं जहाज लागलं असेल ते आम्ही ओळखायचो. मला गोदी माहीत होती ती एवढीच, वासाने.

कॅमेरा हातात आला तो नोकरी लागल्यावर, निकॉनची सेकंडहँड बॉडी आणि ३५ एमएमची एक लेन्स, फोर्टातल्या दुकानातून. पहिले फोटो शिवडीच्या जेट्टीवरचे, फ्लेमिंगोंचे, जसे मुंबईत बऱ्याच जणांचे असतात. मग ससून डॉक. पहाटे पाचला पोचायचं, लिलाव, बर्फ, निळ्या-पिवळ्या टोपल्या, कोळंबी सोलत ओळीने बसलेल्या बायका. सहा वर्षं मी तिथे जात होते, सहा वर्षांत हार्ड डिस्क भरली. याबद्दल पुढे लिहिते, कारण खरं सांगायचं आहे ते तिथलंच आहे.

२०२२च्या नोव्हेंबरमध्ये ऑफिसने ऑनसाइट पाठवलं, हॅम्बुर्गला. पहिल्यांदा देशाबाहेर, पहिल्यांदा एकटी. काम तेच, टेस्टिंग, माल वाहणाऱ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर, कुठला कंटेनर कुठल्या बंदरात कुठे आहे ते दाखवणारं. व्हिसा हातात आल्यावर बाबांनी एकच वाक्य म्हटलं, "हॅम्बुर्ग म्हणजे बंदर. चांगलं आहे." आईने मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला बांधून दिला आणि मी कॅमेरा केबिन बॅगेत कपड्यांच्या मधे गुंडाळून ठेवला.

पहिले पाच आठवडे मी एकही फोटो काढला नाही. घर शोधणं, मग दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, त्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद, त्याच्याशिवाय टॅक्स नंबर नाही, हे सगळं तर होतंच पण खरं कारण अंधार होतं. डिसेंबरमध्ये तिथे सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चारला मावळतो आणि मधल्या वेळातही बहुतेक वेळा राखाडी ढग. ऑफिसला अंधारात जायचं, अंधारात यायचं. मी ज्या शहरातून गेले होते तिथे वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी आपली सावली पायाखाली नाहीशी होते. तिथे डिसेंबरात भर दुपारी तो क्षितिजाच्या वर फार तर हातभर चढलेला. मला उजेड कळतो असं मी समजत होते आणि तिथे गेल्यावर लक्षात आलं की मला फक्त मुंबईचा उजेड कळतो, एकदम येणारा, कडक, नि संध्याकाळी वीस मिनिटांत आवरून जाणारा.

ज्या दिवशी कॅमेरा बाहेर काढला तो दिवस नीट आठवतो. रविवार, दुकानं बंद, सगळं शहर शांत. लांडुंग्सब्रुकेन म्हणून एल्बे नदीवरचा धक्का आहे, तिथून ६२ नंबरची फेरी सुटते, फिंकेनवेर्डरपर्यंत. ही काही टुरिस्टांची बोट नाही, ट्रेन-बसचा जो पास असतो तोच चालतो. मी वरच्या डेकवर जाऊन उभी राहिले, बोट सुटली, आणि समोर अख्खी गोदी उघडी. भिंत नाही, गेट नाही. सुके डॉक, त्यात दुरुस्तीला चढवलेली जहाजं, टग, क्रेन, आणि पुढे ओव्हलग्योनच्या वाळूच्या किनाऱ्यावर माणसं कुत्री फिरवतायत, पोरं खेळतायत आणि त्यांच्या समोर पाण्यापलीकडे कंटेनर टर्मिनल. चारशे मीटर लांबीचं एक जहाज लागलेलं. मी फोटो काढला आणि पहिल्यांदा मागे वळून पाहिलं, कोणी ओरडतंय का. कोणीच ओरडलं नाही. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बिअरची बाटली घेऊन तेच जहाज बघत होते.

तो फोटो मी रात्री बाबांना पाठवला. दोन निळ्या टिका आल्या आणि वीस मिनिटं काही नाही. मग फोन. "आडव्या चोवीस रांगा आहेत गं," बाबा म्हणाले. ते मोजत बसले होते.

तिथून पुढे तो आमचा नेम झाला. आधी आम्ही फोनवर काय बोलायचो? जेवलीस का, थंडी किती, तब्येत कशी, आणि मग आईकडे फोन. बाबा माझ्याशी त्यांच्या कामाबद्दल कधीच बोलले नव्हते, मी विचारलंही नव्हतं. आता मी दर रविवारी फोटो पाठवायचे आणि बाबा फोटो वाचायचे, हाच शब्द बरोबर आहे, वाचायचे. हे बघ हे हॅचचं झाकण. ही दोरी अशी बांधलीय म्हणजे पाणी अजून चढणार आहे. हा माणूस जिथे उभा आहे तिथे उभं राहायचं नसतं, स्लिंग तुटली तर संपला. एकदा त्यांनी विंचवर काम करणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगितली, पाऊण तास, आई मागून जेवायला हाक मारत होती तरी, आणि मी इकडे सुन्न होऊन ऐकत होते की हे सगळं या माणसाच्या आत होतं आणि मी पस्तीस किलोमीटर नव्हे, एका भिंतीच्या अंतरावर वाढले होते.

मी सेंट निकोलाय चर्चचा फोटो पाठवला, १९४३च्या बॉम्बिंगमध्ये चर्च गेलं, फक्त १४७ मीटर उंच मनोरा काळाठिक्कर उभा आहे, तो तसाच स्मारक म्हणून ठेवलाय. जुलै १९४३, मी सांगितलं. बाबा लगेच म्हणाले, म्हणजे आमच्या गोदीतल्या स्फोटाच्या नऊ महिने आधी. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, एसएस फोर्ट स्टिकिन जहाज, पोटात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. आमच्या घरी ही तारीख वाढदिवसासारखी पाठ आहे.

फोटो काढणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक गोष्टी मध्येच लिहून टाकते. थंडीत बॅटरी फार लवकर बसते, स्पेअर बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवायची. आणि बाहेरून गरम खोलीत शिरायच्या आधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करायचा, खोलीच्या तापमानाला आला की मगच उघडायचा, नाहीतर काचेवर वाफ धरते. मुंबईत एसी टॅक्सीतून उतरल्यावर पावसाळ्यात जे होतं तेच, फक्त उलट्या दिशेने.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

हॅम्बुर्गला रविवारी सकाळी मासळीबाजार भरतो, फिशमार्क्ट, १७०३ पासून. उन्हाळ्यात पहाटे पाचला, हिवाळ्यात सातला, आणि साडेनऊला उठतो. मला कळलं तेव्हा इतका आनंद झाला, म्हटलं आपला ससून डॉक मिळाला. सातला पोचले. गाड्यांवरून विकणारे ओरडतायत, हवेत धुरावलेल्या माशांचा वास, रात्रभर जागलेली पोरं पावात मासा घालून खातायत. एक बाई बर्फावर मासे मांडत होती, साठीची असेल, हात लाल झालेले, वरून बल्बचा पिवळा उजेड, मागे आकाश निळं होतंय. मी जवळ गेले आणि सवयीने दोन फोटो काढले. तिने मान वर केली, हात थांबवले, आणि तळवा माझ्याकडे केला. रागाने नाही. मग बोटाने कॅमेऱ्याकडे दाखवलं आणि काहीतरी म्हणाली, मला तेवढं जर्मन येत नव्हतं, पण कळलं. डिलीट कर. मी तिच्यासमोर दोन्ही डिलीट केले, स्क्रीन दाखवली. ती "डांके" म्हणाली आणि परत मासे मांडायला लागली. माझे कान तापले होते. मी बाजारातून निघाले आणि नदीच्या कडेने चालत राहिले.

सोमवारी ऑफिसात टीममधल्या एका मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, साहजिक आहे, चेहरा तिचा आहे. आणि मग तिने कायद्याची गोष्ट सांगितली, ती मी नंतर स्वतः वाचून काढली. ३० जुलै १८९८ला बिस्मार्क वारला, हॅम्बुर्गजवळच्या फ्रीडरिक्सरूला, आणि त्याच रात्री हॅम्बुर्गचे दोन फोटोग्राफर खिडकीतून खोलीत शिरले आणि त्यांनी त्याच्या प्रेताचा फोटो काढला. केस झाली, ते तुरुंगात गेले, आणि त्या प्रकरणातून १९०७चा कायदा आला, की माणसाचा फोटो लोकांपुढे मांडायचा किंवा पसरवायचा तर त्या माणसाची संमती पाहिजे. गर्दी, मोर्चा, किंवा देखाव्यात कुठेतरी बारीक आलेलं माणूस, अशा काही सवलती आहेत, पण मूळ नियम हा. लांडुंग्सब्रुकेनच्या वरच्या टेकाडावर बिस्मार्कचा दगडी पुतळा आहे, चौतीस मीटर उंच, मी त्याच्याखालून रोज जात होते.

मला कायद्याची भीती वाटली असं नाही. मला त्या बाईच्या तळव्याने जास्त हलवलं. कारण त्या क्षणी मला ससून डॉकच्या कोळंबी सोलणाऱ्या बायका आठवल्या, त्यांनीही कधीकधी हात वर केले होते, पदर तोंडावर ओढला होता, आणि मी तेही फोटो काढले होते. पदर ओढतानाचा एक तर मी इन्स्टाग्रामवर टाकला होता आणि तो माझा सगळ्यात जास्त लाइक मिळालेला फोटो होता.

आमच्याकडे जहाजाचा फोटो काढायला बंदी आणि जहाजावर राबणाऱ्या माणसाचा कोणीही काढावा. तिथे बरोबर उलटं. कुठलं देशाच्या सुरक्षेसाठी, कुठलं कशासाठी, ते मला कळतं, गोदीची भिंत का आहे हे १९४४ माहीत असणाऱ्या घरात कोणी समजावून सांगायला नको. पण माणसाभोवती भिंत नाही हे मला कधी दिसलंच नव्हतं. बाबा जर ससून डॉकला कामाला असते तर माझ्यासारख्या कुणाच्यातरी हार्ड डिस्कवर त्यांचे पन्नास फोटो असते, आणि आमच्या घरी एकही नसता. हे मनात आलं आणि मग जाईना.

मग मी विचारायला शिकले. जर्मन क्लासच्या आधी मी दोन शब्द पाठ केले, "दार्फ इश?" म्हणजे मला परवानगी आहे का, आणि कॅमेरा छातीशी धरून नुसता दाखवायचा. निम्मे लोक नाही म्हणायचे. सुरुवातीला प्रत्येक नाही लागायचं. आणि हो म्हणणाऱ्यांचा फोटो बिघडतो, हेही खरं आहे, माणूस ताठ होतो, हसतो, हाताचं काम थांबवतो, जे बघून तुम्ही थांबलात तेच निघून जातं. हे नुकसान आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण थांबलं, बोललं, नाव विचारलं, की दहा-पंधरा मिनिटांनी माणूस परत आपल्या कामाला लागतो आणि तेव्हा जो फोटो मिळतो त्यात तो तुम्हाला ओळखत असतो. मला तो जास्त आवडायला लागला. एक जुना गोदी कामगार मला एल्बेखालच्या बोगद्यात भेटला. १९११चा बोगदा आहे, सव्वाचारशे मीटर लांब, पाण्याखाली चोवीस मीटर खोल, माणसं लिफ्टने खाली उतरतात, भिंतीवरच्या टाइल्समध्ये मासे नि खेकडे कोरलेले. कामगारांना पलीकडच्या जहाजबांधणीच्या यार्डात जाता यावं म्हणून बांधलेला. दार्फ इश विचारल्यावर त्याने आधी मला विचारलं, कुठली, मी म्हटलं बॉम्बे, वडील गोदीत होते. त्याने टोपी काढली, केस सारखे केले, टोपी परत घातली. तो फोटो बाबांनी प्रिंट करून मागितला.

उन्हाळा आला आणि सगळं बदललं. जूनमध्ये पावणेदहापर्यंत ऊन, तेही तिरकं, मधासारखं, तास न् तास टिकणारं. पाच वाजता ऑफिस संपतं म्हणजे खरंच संपतं, एकदा मी रात्री आठला मेल पाठवली तर टीम लीडने दुसऱ्या दिवशी बाजूला घेऊन विचारलं, कामाचं काही अडलंय का, सांग. त्या पाच तासांनी मला फोटोग्राफर केलं असं मी मानते. मे २०२३ला ४९ युरोचा महिन्याचा पास सुरू झाला, देशभरच्या लोकल गाड्यांना चालणारा, आणि मग शनिवार-रविवार ल्युबेक, श्वेरिन, ब्रेमेन. कुक्सहाफेनला एल्बे समुद्राला मिळते, तिथे ओहोटीला समुद्र मैलोन् मैल मागे सरतो आणि लोक चिखलातून अनवाणी चालत नॉयवेर्क बेटापर्यंत जातात. निघायच्या आदल्या रात्री बाबांनी तिथी विचारली. षष्ठी म्हटल्यावर म्हणाले, भांग येतोय, पाणी कमी चढेल-उतरेल, उधाण नाही, जा. टाइमटेबल मी छापील घेतलंच होतं, पण मला ते बाबांकडून ऐकायचं होतं.

वेडेलला नदीकाठी एक जागा आहे, १९५२ पासून तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना त्यांच्या देशाचं राष्ट्रगीत वाजवून सलामी देतात. बाबांना हे कळल्यापासून त्यांचा एकच प्रश्न, आपलं वाजलं का. मी पाच रविवार जाऊन बसले. लायबेरिया वाजलं, पनामा वाजलं, डेन्मार्क वाजलं. आपल्या झेंड्याचं जहाज माझ्या वाट्याला आलं नाही.

आणि स्पाइखरश्टाट. लाल विटांची गोदामं, ओकच्या खांबांवर पाण्यात उभी केलेली, १८८३ पासून बांधत गेलेली, कॉफी, चहा, मसाले, गालिचे. २०१५ला युनेस्कोच्या यादीत गेली. सगळे जण तिथे संध्याकाळी पुलावर ट्रायपॉड लावून उभे असतात, मीही लावला, फोटो सुंदर येतो, सगळ्यांचा सारखाच येतो. पण बाबांना मी त्यातल्या छोट्या म्युझियममध्ये ठेवलेल्या वस्तू दाखवल्या, गोणी उचलायचे आकडे, नमुना काढायच्या सळ्या, वजनकाटे. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कंटेनर आला ना तिकडे पण." हॅम्बुर्गला पहिलं कंटेनर जहाज १९६८ला लागलं. आमच्याकडे १९८९ला न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि हळूहळू काम खाडीपलीकडे गेलं. बंद पेटीतलं काय मोजणार? बाबा गोदीत १९८४ला लागले होते. म्हणजे त्यांच्या नोकरीची बरीचशी वर्षं ते काम कमी होत जाताना पाहण्यात गेली, आणि मी त्याच बंद पेट्या स्क्रीनवर हलवणारं सॉफ्टवेअर तपासायला परदेशात गेले. आम्ही दोघांनी हे एकमेकांना बोलून दाखवलं नाही.

वीस महिन्यांनी, जुलै २०२४ला परत आले. मुंबईत अटल सेतू झालेला, शिवडीहून थेट पलीकडे. पावसाळाभर मी हार्ड डिस्क उघडून बसले. ससून डॉकच्या सहा वर्षांत मला एकाही बाईचं नाव माहीत नव्हतं. पदराचा तो फोटो मी काढून टाकला. बाकीच्यांमधले चाळीस प्रिंट केले आणि ऑक्टोबरात पहाटे घेऊन गेले. काहींनी घेतले, काहींना वेळ नव्हता, एकीने बघून परत दिला, म्हणाली ही मी नाही, माझी जाऊ आहे, आणि ती आता येत नाही. का येत नाही ते तिने सांगितलं आणि ते मी इथे लिहिणार नाही कारण तिला विचारलेलं नाही.

डिसेंबरात बाबांना घेऊन मावशीकडे उरणला निघाले. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची दुपारची लाँच. गोदी मागे जायला लागली आणि मी बॅगेतून कॅमेरा काढला. गोदीचा फोटो काढायचा नाही हे माहीत होतं, मला बाबांचा काढायचा होता. "बाबा, काढू का?"

"आत्ता नको," बाबा म्हणाले. "ऊन गोदीच्या मागे गेलंय, माझं तोंड काळं येईल. सकाळच्या पहिल्या लाँचने येऊ. नाइट सुटली की आम्ही बाहेर यायचो तेव्हा ऊन सरळ शेडच्या दारांवर असायचं. ते बघ तू."

रात्री मावशीकडे जेवताना त्यांनी तिथी मोजली, अष्टमी, भांगाची ओहोटी, पाणी फार खाली जाणार नाही, लाँच वेळेवर लागेल. लागली. आम्ही पुढच्या बाजूला उभे राहिलो. थंडी होती, बाबांनी स्वेटरच्या आत कॉलर सारखी केली, खिशातून कंगवा काढून केस विंचरले, आणि मागे वळून वळून बघत राहिले. मी कॅमेरा वर केला तर म्हणाले थांब, अजून इंदिरा डॉक यायचाय. मग मला न विचारता म्हणाले, "हं. आता."

मी लेन्स पूर्ण उघडी ठेवली होती, १.८ला. बाबांचा चेहरा स्पष्ट, आणि मागे क्रेन, शेड, भिंत, सगळं विरघळून नुसते केशरी नि करडे ठिपके. ऊन त्यांनी सांगितलं होतं तसंच होतं. बाबा आधी ताठ उभे होते, गेटपासवर आहेत तसे. मग कुठलीतरी क्रेन ओळखीची निघाली बहुतेक, ते तिकडे बघायला लागले आणि माझ्याकडे लक्ष राहिलं नाही, आणि मी काढत गेले.

धक्का जवळ आला, पोरगा दोरी घेऊन उभा राहिला. बाबांनी विचारलं, किती काढलेस?

मी मोजलेच नव्हते.

"अकरा," बाबा म्हणाले, आणि उतरायला पिशवी उचलली.